अ‍ॅनाचा गाऊन आणि आईचा आबोली शालू

‘ताई, मी मूळची नगरची, सध्या पुण्यात नोकरी करते, हॉस्टेलवर राहते. सहा आठवड्यांनी कॉमिक कॉनला (जिथे सगळे आवडत्या पात्रांचे पोशाख घालून येतात त्या मेळ्याला) "द किंग अँड आय" या म्युझिकलमधल्या अ‍ॅनाचा तो पोल्का नाचतानाचा मोठ्ठ्या घेराचा गाऊन घालून जायचंय, कारण खरी अ‍ॅना पण आपल्या नगरचीच. बजेट ९ हजार. शिवण बेसिक येतं, कुर्ते आणि स्कर्ट शिवलेत. घेर आतून उभा धरणारी रिंगांची हूप कशाची करायची कळत नाहीये, दोन टेलर तर फोटो बघूनच नाही म्हणाले. आईचा लग्नातला आबोली सिल्कचा शालू आहे, रंग डिट्टो तोच, तो कापू का? आई घरी फॉल-पिको करते, तिला मशीन मागितलं तर म्हणाली एका दिवसाच्या सोंगासाठी एवढा खर्च कशाला, आणि शालूचं नाव काढल्यापासून बोलतच नाहीये. काय करू? गाऊनचे चार फोटो पाठवतेय. माझा मित्र राजा होणार आहे. – अ.’

अगं अ., शालूला हात लावू नकोस. बाकी सगळं नंतर बोलू, आधी कात्री खाली ठेव.

आईला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीये मी हे, ते तर वाटेलच. कारण कापडाचं आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका एकांकिकेसाठी मावशीची जुनी सिल्कची साडी कापून घेरदार झगा शिवला होता. इस्त्री केल्यावर असा काही देखणा दिसला की मी स्वतःवरच खूश. रंगीत तालमीला ती मुलगी पायऱ्या उतरताना नुसती जरा वळली आणि कमरेच्या चुण्यांपासून खालपर्यंत फर्र्र, एकदा नाही तीनदा, आणि तिन्ही वेळा जिथे साडीची घडी होती बरोब्बर तिथेच. पंचवीस वर्षं ट्रंकेत एकाच घडीवर पडलेलं रेशीम घडीवर विरतं, वरून चकचकीत दिसतं पण ताण आला की कागदासारखं फाटतं, आणि एकदा विरलं की कुठलंही अस्तर त्याला वाचवत नाही. मावशी काही बोलली नाही, फक्त ते तुकडे पिशवीत भरून घेऊन गेली. आजही ते आठवलं की पोटात खड्डा पडतो माझ्या.

तुला मोह का होतोय ते पण कळतं. साडेपाच मीटर लांबी, ४४-४५ इंच पन्हा, म्हणजे स्कर्टचे चार तुकडे गणितात अगदी बसतात. पण काठाचं काय करणार? जरीचा काठ कमरेत आला तर चुण्या पडत नाहीत, खाली आला तर अ‍ॅनाच्या अंगावर पैठणीवाला परकर घातल्यासारखं दिसेल. शालू आईच्या कपाटात राहू दे. आज फोन करून सांग तिला की नाही कापत. मेसेज नको, फोन कर.

आता तुझी अ‍ॅना. पत्रातलं ते वाक्य वाचून मी जाम खूश झाले, कारण ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये. अ‍ॅना लिओनोवेन्स १८३१ साली नगरला जन्मली, १८४९ च्या ख्रिसमसच्या दिवशी पुण्यात तिचं लग्न झालं, आणि पुढे नवरा वारल्यावर १८६२ मध्ये सयामच्या (आत्ताच्या थायलंडच्या) राजाच्या, मोंगकुटच्या, दरबारात शिक्षिका म्हणून गेली. आयुष्यभर सांगत मात्र राहिली की माझा जन्म वेल्समधला. नगरचं नाव तिने असं पुसून टाकलं की तिची गोष्ट जगभर पोचली तेव्हा कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हा नगरच्या मुलीने नगरच्या अ‍ॅनाचा गाऊन शिवणं मला फार म्हणजे फार आवडलंय, आणि कुणी विचारलं हे कशाला तर बिनधास्त हेच सांग. फक्त खऱ्या अ‍ॅनाला नाटकातल्या अ‍ॅनात मिसळू नकोस, तो राजाबरोबरचा पोल्का नाटकातलाच आहे, इतिहासात शोधायला जाऊ नकोस.

तू जे चार फोटो पाठवलेस ना, ते चार वेगवेगळ्या गाऊनचे आहेत हे तुझ्या लक्षात आलंय का? टेलर नाही म्हणाले त्याचं निम्मं कारण हेच असणार. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक आलं मार्च १९५१ मध्ये, तेव्हा अ‍ॅना होती गर्ट्रूड लॉरेन्स आणि कपडे आयरीन शॅराफचे. १९५६ च्या सिनेमात डेबोरा कर, कपडे परत शॅराफचेच, तिला दोन्हींसाठी बक्षिसं मिळाली, नाटकासाठी टोनी (तिथल्या रंगभूमीचं मोठं बक्षीस) आणि सिनेमासाठी ऑस्कर. मग २०१५ चं ब्रॉडवेचं नवं प्रॉडक्शन, केली ओहारा, कपडे कॅथरीन झुबरचे, त्यांना पण टोनी. तुझा एक फोटो बहुतेक कुठल्यातरी टूरचा आहे. गळा एकाचा, घेर दुसऱ्याचा, रंग तिसऱ्याचा असं करू गेलीस तर कुणालाच ओळखू येणार नाही. मी तुझ्या जागी असते तर १९५६ चा घेतला असता. लोकांच्या डोळ्यांपुढे तोच आहे, आणि नाचाचा सीन थांबवून थांबवून गाऊन सगळ्या बाजूंनी बघता येतो. २०१५ वालं प्रॉडक्शन पुढे लंडनला पॅलेडियममध्ये २०१८ साली शूट झालं, ते मिळालं तर तेही बघ, पण एकच पकड. आणि रंगासाठी जीव टाकू नकोस, स्टेजच्या लाइटमधला रंग आणि कॅमेऱ्यातला रंग कधीच एक नसतो. आबोली, मोतिया, फिका गुलाबी, यातलं जे कापड अंगावर धरल्यावर चेहरा उजळ दिसतो ते घे.

अजून एक सांगते, नाटकाच्या कपड्यांबद्दल उगाच फार भक्तिभाव ठेवू नये. स्टेजचा गाऊन विसाव्या रांगेतून बघण्यासाठी केलेला असतो, जवळून बघितलास तर मोठाले हुक, मोठाले टाके, आत घामाने पिवळं पडलेलं अस्तर. तुझा गाऊन मात्र लोक हातभर अंतरावरून मोबाइलवर काढणार. म्हणजे त्यांनी जिथे कष्ट घेतले तिथे तुला घ्यायची गरज नाही, आणि उलट. लॉरेन्सच्या एका पोशाखाचं वजन ७५ पौंड होतं म्हणतात, म्हणजे ३४ किलो, आणि आठवड्याला आठ प्रयोग. प्रयोग चालू असतानाच आजारी पडून सप्टेंबर १९५२ मध्ये ती गेली, आणि तिला पुरलं ते याच नाचाच्या गाऊनमध्ये. तुझा गाऊन हूपसकट चार-पाच किलोच्या वर जाता कामा नये, गेला तर काहीतरी चुकलंय.

आता मुद्द्याचं. असा गाऊन वरच्या कापडाने होत नाही, आतून उभा राहतो. नवीन मुली सगळे पैसे साटन आणि लेसवर घालवतात आणि खाली तो लग्नाच्या लेहंग्याचा एक कॅनकॅन चढवतात, मग गुडघ्याजवळ घेर आत जातो आणि बाई घंटेसारखी दिसायच्या ऐवजी उलट्या ठेवलेल्या फुलदाणीसारखी दिसते. ९ हजारातले निम्मे आतल्या कामाला काढून ठेव.

हूप. १८५६ मध्ये स्टीलच्या रिंगांचा पिंजरा पेटंट झाला, त्याआधी बायका पाच-सहा कडक परकर एकावर एक घालायच्या, वेत घातलेले परकर असायचे. अ‍ॅना सयामला गेली तेव्हा हा पिंजरा भर फॅशनमध्ये होता, आणि नाटकात तर त्याच्यावर विनोदच आहे, राजाच्या राण्यांना वाटतं की ही बाई आतून पण तशीच गोल आहे. तसं स्टील तुला इथे सहज मिळायचं नाही. बांबूच्या कामट्या, आपण आकाशकंदिलाला वापरतो त्या, मी करून बघितल्यात, गोल छान येतो पण कुणी धक्का दिला की तडकतात आणि मग टोक मांडीत. पॅकिंगच्या स्टीलच्या पट्ट्या धारदार असतात, त्यांच्या नादाला लागू नकोस. त्यापेक्षा सरळ ऑनलाइन सहा रिंगांचा तयार हूप पेटीकोट घे, लग्नाच्या गाऊनखाली घालतात तो. त्याचा कमरेकडचा भाग ठीक असतो, वांधा असतो सगळ्यात खालच्या रिंगचा, ती तार इतकी बारीक असते की चालताना आठाचा आकार होतो. ती काढायची आणि तिथे ठिबकची नळी घालायची. हो, ठिबक सिंचनाची! तुला नगरमध्ये कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळेल, १२ एमएमची चार मीटर घे आणि तिचा जॉइनर पण तिथेच मिळतो, काही रुपयांत काम होतं. भोकं नसलेली साधी नळी माग. गुंडाळीत राहून ती लंबगोल झालेली असते, म्हणून आधी कोमट पाण्यात ठेवून मोठ्या पिंपाभोवती गुंडाळून रात्रभर बांधून ठेव. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं, तशीच घातली, आणि आमची राणी दिवसभर अंड्यासारखी फिरली.

माप सांगते. खालची रिंग १२० इंच घेराची कर, म्हणजे आरपार साधारण ३८ इंच. सिनेमात याहून मोठा वाटतो, पण तुझ्या हॉस्टेलचा दरवाजा ३० इंचाचा असणार आणि स्टॉलच्या गल्ल्या काय असतात ते तुला माहितीये. रिंग जमिनीपासून सहा-सात इंच वर राहिली पाहिजे, त्याखाली गेली की चालताना पाय तिच्यात अडकतो आणि तू थेट तोंडावर. त्याच्यावर साटन डायरेक्ट चढवलंस तर रिंगा वरून शिडीसारख्या दिसणार, हे इतक्या जणींचं होतं की बघवत नाही. मध्ये एक मांजरपाटाचा परकर पाहिजे, खाली दोन झालरी लावलेला, आणि त्याला चांगली कडक खळ. आजीला विचार खळ कशी करायची, स्प्रेच्या डब्यात ती मजा नाही. नेटचं अस्तर स्वस्त पडतं पण साटनखाली ते सरकतं आणि बसताना खरखर आवाज येतो.

कापड एकूण आठ मीटर घे. पाच स्कर्टला, ४४-४५ इंच पन्ह्याच्या कापडाचे ४८ इंच लांबीचे चार तुकडे, जोडून साधारण १७० इंच घेर होतो, तो १२० च्या रिंगवर चुण्यांसकट छान पडतो. उरलेल्या तीनात बॉडीस, म्हणजे कमरेवरचा भाग, आणि गळ्याभोवतीची ती प्लीट्सची पट्टी, ती तिरकी कापायची असते म्हणून कापड खाते. सगळे तुकडे एकाच दिशेने काप, साटन उलटं धरलं की चमक बदलते, मशीनवर कळत नाही, फोटोत मात्र एक तुकडा जुना एक नवा असं दिसतं. दुकानात उजेडात नेऊन बघ. मुंबईला भुलेश्वरला जायची काही गरज नाही, रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रोडला होईल काम. अगदी प्युअर सिल्कच्या मागे लागू नकोस. शॅराफने नाटकासाठी थायलंडहून रेशीम मागवलं होतं हे खरंय, ते वाचून तुला पण तसंच वाटत असेल, पण तिला निर्मात्याचे पैसे होते. जाडसर, कमी चमकीचं पॉलिएस्टर साटन चालतं. पातळ, आरशासारखं चमकणारं घेऊ नकोस, ते गॅदरिंगच्या मखराला.

१७० इंच २८ इंचाच्या कमरेत बसवायचे, इथे बहुतेकजणी रडतात. साध्या चुण्या घातल्यास तर कमरेवर टायर होतो. हाताने, लांब टाक्यांचा धावदोरा, तीन ओळी, एकाखाली एक आणि टाक्याखाली बरोबर टाका आला पाहिजे, मग तिन्ही दोरे एकदम ओढायचे की कापड पेटीच्या भात्यासारखं घडी घडी होऊन उभं राहतं. प्रत्येक घडी पट्ट्याला वेगळी टाचायची. पोटावर कमी, पाठीकडे जास्त. दोन संध्याकाळी जातील, लाव नाट्यगीतं आणि बस. पण त्यानंतर घेर कमरेपासून जो झोकात सुटतो ना, तो मशीनने कधीच येत नाही.

बॉडीसबद्दल थोडक्यात. स्कर्ट आणि बॉडीस वेगळे कर, स्कर्टचं वजन त्याच्या पट्ट्यावर, बॉडीसवर अजिबात नाही, नाहीतर ऑफ-शोल्डर गळा दिवसभर खाली ओढत राहील आणि तू दिवसभर वर. आधी मांजरपाटाचा एक ट्रायल शिवून अंगावर पिना लावून घे, मगच साटनला कात्री. हाडं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले जाड केबल टाय घाल, टोकं मेणबत्तीवर गोल करून. मागे चेन नको, आयलेट आणि नाडी, म्हणजे सहा आठवड्यांत वजन इकडेतिकडे झालं तरी चालतं. आत कमरेला एक न ताणणारा पट्टा शिव, तो घट्ट बसला की गळा खाली येत नाही.

आता आई. तुझी आई फॉल-पिको करते, म्हणजे सरळ टीप मारण्यात आणि न दिसणाऱ्या टाक्यात तिचा हात तुझ्या-माझ्यापेक्षा बसलेला. आणि तू तिच्याकडे काय मागितलंस, तर मशीन आणि शालू. तिला काय येतं ते मागितलंच नाहीस. या गाऊनमधलं एक काम तुला एकटीला करताच येणार नाही, ते म्हणजे खालची कड सरळ करणं. हूप, परकर, स्कर्ट आणि त्या दिवशी घालायचे तेच सँडल घालून तू उभी राहायचंस आणि दुसऱ्या माणसाने जमिनीवर बसून पट्टीने दोन-दोन इंच मोजत सगळीकडे खूण करत फिरायचं, कारण घेरावर चढल्यावर कड कुठे वर जाते कुठे खाली येते ते टेबलावर कळत नाही. १७० इंच. नगरला शनिवारी जा, शालू कपाटातच आहे हे तिला दिसू दे, आणि म्हण आई ही कड तेवढी बघ ना. ती कुरकुर करेल, म्हणेल हे काय तंबूचं कापड आणलंस, आणि मग म्हणेल ही टीप कुणी मारली, उसव. तिथून पुढचं मी सांगायची गरज नाही.

खर्चावरून ती जे बोलली ते अगदीच चूक पण नाही हं. आपल्याकडे बालगंधर्वांसारख्या माणसाची कंपनी कर्जात गेली त्यात रंगमंचावरच्या थाटाचा वाटा होताच, आपण तर पगारदार माणसं. ९ हजाराची रेघ मारलीयेस ना, ती ओलांडू नकोस. दागिने, हातमोजे, विग हे सगळं उसनं मिळतं, नाटकवाल्यांच्या ड्रेपरीत भाड्याने पण मिळतं. केस स्वतःचेच मागे बांध, नाचात तिचे तसेच आहेत.

तुझा मित्र राजा होणार आहे असं शेवटी एका ओळीत लिहिलंयस. होऊ दे, पण तोंडाला रंग फासून नको आणि डोळे ओढून बारीक करून तर अजिबात नको. तो राजा खरा होऊन गेलेला माणूस आहे, थायलंडमध्ये या सिनेमावर बंदी आहे ती त्याला ज्या प्रकारे दाखवलंय त्यावरूनच. कपडे नीट घालू दे, नाच नीट शिकू दे, बास.

त्या दिवशीचं. हूपखाली गुडघ्यापर्यंत सुती चड्डी किंवा लेगिंग घालच. नाटकात राण्यांना घाईघाईत असे झगे घालून उभं करतात आणि त्या घाबरून झगे डोक्यावर घेऊन पळतात, आणि खाली काहीच नसतं. हसू येतं, पण एस्केलेटरवर तुझी तीच गत होऊ शकते. टॉयलेटला जाताना स्कर्टचा पट्टा सोडून सगळं वरून काढायचं, खालून उचलायच्या भानगडीत पडू नकोस, म्हणून हुक पुढे हाताला येतील असे लाव. प्रवासात हूप आठाच्या आकारात पिळली की घडी होते, सायकलच्या टायरएवढी, ती नाडीने बांधून वेगळ्या पिशवीत ने आणि तिथे जाऊन घाल. आणि तरीही गाऊन घालूनच कुठे बसायची वेळ आली, रिक्षात म्हण किंवा खुर्चीत, तर आधी मागची रिंग हाताने वर उचल आणि मग टेक. रिंगवरच बसलीस की पुढचा अख्खा घेर सपकन वर तोंडावर येतो. मला विचार, कर्वे रोडवर झालंय.